चंद्री गेटवर थांबली तेव्हा

अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होते मी. बाळंतीण वॉर्डात पैंजण वाजतात म्हणून नव्या पोरी घाबरायच्या, त्यांना मी ‘आधी सलाईन बघा’ म्हणून पिटाळायचे. तरीही हे लिहितेय...

कोल्हापूर, २००६ चा सुमार. सकाळचे साडेसात, माझी ड्युटी सुरू व्हायची वेळ. आप्पा गवळी रोज त्याच वेळी आमच्या गेटसमोरून म्हैस घेऊन दूध कट्ट्यावर जायचे, गिऱ्हाइकासमोर धार काढायला. म्हशीचं नाव चंद्री. ती वाटेत कधी थांबायची नाही. त्या दिवशी मात्र कंपाउंडच्या भिंतीशी जाऊन उभी राहिली ती राहिलीच. मागे रिक्षांचे हॉर्न, आणि आप्पा दावं ओढून घामाघूम.

“आप्पा, दवाखाना हाय हा, गोठा न्हवं,” मी ओरडले. आवाज माझा पहिल्यापासून चढाच.

“आईशप्पत सिस्टर, आजवर कदी असं केल्यालं न्हाय की हिनं.”

मी तावातावाने म्हशीच्या पलीकडे गेले आणि जागीच थिजले. भिंतीला टेकून एक गरोदर बाई बसली होती. चेहरा पांढराफटक, साडी रक्ताने भिजलेली. शेजारी नवरा पिशवी धरून उभा.

“आत का नाही आणलंस तिला?”

“अक्का, आमी गडहिंग्लजच्या पल्याडचं. पिवळं रेशनकार्ड हाय, पण कर्नाटकचं. इथं फुकट चालत न्हाय म्हनं. भाऊ पैसं घिऊन यायलाय, मग आत जातो.”

कुणी हाकललं नव्हतं त्यांना. खिडकीवर विचारलंसुद्धा नव्हतं. आपलं आपणच ठरवून बाहेर बसले होते!

स्ट्रेचर आलं. अजून अर्धा तास गेला असता तर आई आणि बाळ दोघंही गेले असते, असं डॉक्टर म्हणाले. सीझर झालं, रक्ताच्या दोन बाटल्या चढल्या, मुलगी झाली. कार्ड कुणी पाहिलंच नाही, दवाखान्याच्या मोठ्या साहेबांच्या एका सहीवर सगळं माफ. नवरा हात जोडायला लागला तेव्हा मी त्याला दटावलं, “हात कशाला जोडतोस? हक्काचं आहे तुमच्या.” खरं सांगते, त्या दिवशी माझ्या पांढऱ्या साडीचा मला जेवढा अभिमान वाटला तेवढा कधीच वाटला नाही.

आणि चंद्री? स्ट्रेचर गेटातून आत गेलं तशी आपणहून चालायला लागली.

तिसऱ्या दिवशी आप्पा बाळंतिणीसाठी तांब्याभर दूध घेऊन आले. जाता जाता दारात घुटमळले.

“चंद्री आमच्या मंडळींनी म्हायेरनं आणल्याली, रेडकू असताना. धा वर्सं झाली, बाळंतपणातच गेली बायकू. घरीच ठिवल्याली... दवाखान्याचा खर्च कुठला झेपणार म्हनून.” मग माझ्याकडे बघत म्हणाले, “सिस्टर, तवाबी फुकट व्हतं का हे?”

खोटं बोलावंसं वाटलं. जमलं नाही.

“व्हय आप्पा. तवाबी.”

त्यांनी तांब्या तेवढा पुसून घेतला आणि गेले.

एका जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले रक्ताचा वास आला असेल. असेल. पण आमच्या गेटवर रक्त काय रोजच यायचं. चंद्री त्याआधी तिथे थांबली नव्हती, नंतरही कधी थांबली नाही. उत्तर मला आजही ठाऊक नाही.

रिटायर होईपर्यंत मात्र ड्युटीवर जाण्याआधी मी भिंतीबाहेरून एक चक्कर मारायचे, कुणी बसलंय का बघायला. बऱ्याचदा बसलेलं असायचं.