एका वेळी एकच

एका वेळी दोन गोष्टी बदलणारा माणूस आणि दरोडेखोर यांच्यात आमच्या भावोजींच्या लेखी काडीचाही फरक नाही. भावोजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे मामेभाऊ. मूळचे नागपूरचे, आणि अ‍ॅशबर्नमध्ये आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारे. बोलताना 'जी' लावायची नागपुरी सवय त्यांनी अमेरिकेतही सोडली नव्हती. मात्र 'जी' मोठ्यांना आणि परक्यांना, घरच्या धाकट्यांना नाही, हा भेद ते काटेकोर पाळायचे. बिघडलेले कॉम्प्युटर दुरुस्त करणं हे त्यांचं काम, आणि त्या कामाचा पहिला नियम असा की एकच गोष्ट बदलायची आणि मग थांबून बघायचं. लोक असले नियम संध्याकाळी ऑफिसात ठेवून येतात. भावोजी तो घरी आणायचे. नवी गाडी घेतली तेव्हा कितीतरी दिवस त्यांनी तिच्यात रेडिओ लावला नाही. खडखड आलीच तर ती गाडीची की गाण्याची, हे कळायला नको का? माझ्या जावेने, म्हणजे त्यांच्या बायकोने, एकदा चहात आलं आणि वेलची दोन्ही घातली. चहा फक्कड झाला, तर हे कप हातात धरून खिन्न बसले. "चांगला झाला, पण कशाने?" एकदा आमच्याकडे जेवताना आमटीत मीठही जास्त पडलं होतं आणि चिंचही. मी ओशाळून तसं म्हटलं, तर म्हणाले, "उद्या मीठ असंच राहू द्या जी वहिनी, फक्त चिंच कमी करून बघा." म्हणजे दुसऱ्या दिवशीही खारट आमटी खायची त्यांची तयारी होती.

दोन्ही घरांत मिळून एक डिस्क असावी, ही कल्पना त्यांचीच. मुलांचे फोटो, गणपतीतल्या नाटुकल्यांची रेकॉर्डिंग, सगळं त्यांच्या बेसमेंटमधल्या डिस्कवर राहील, मधल्या भिंतीला भोक पाडून केबल आमच्याकडे येईल, आणि ते फोल्डर आमच्या कॉम्प्युटरला जोडलं की सारं आपल्याच घरात असल्यासारखं दिसेल. भोक पाडलं, केबल आली, फोल्डर जोडलं. आमच्या कॉम्प्युटरचा पडदा निळा झाला, त्यावर पांढरी अक्षरं उमटली आणि तो बंद पडला. पुन्हा सुरू केला तर ठणठणीत. फोल्डर जोडायला गेलं की परत आडवा. माझा चेहरा पडला, भावोजींचा खुलला.

मग रोज संध्याकाळी ते आमच्याकडे. एका दिवशी केबल बदलली, कॉम्प्युटर पडला. दुसऱ्या दिवशी ती नवीकोरी केबल काढून जुनी परत लावली आणि मगच आतलं कार्ड बदललं. मी म्हटलं, "अहो, नवी राहू द्या ना!" त्यावर ते दुखावले. "मग दोन गोष्टी बदलल्या ना जी!" फोल्डरचं नाव बदललं, पुन्हा पहिलंच ठेवलं. रोज पोहे करून मी कंटाळले आणि एकदा उपमा पुढे केला, तर त्यांनी दचकून आधी कॉम्प्युटरकडे बघितलं. शेवटी एका शनिवारी भावोजी बाजारात गेलेले पाहून माझ्या नवऱ्याने केबल आणि कार्ड दोन्ही बदललं, अँटिव्हायरसही बंद केला आणि फोल्डर जोडलं. फोटो धडाधड दिसायला लागले. मी नाचायचीच बाकी होते. तेवढ्यात भावोजी आले.

"काय केलं?"

"सगळंच," नवरा म्हणाला.

"सगळंच?" वाईट बातमी ऐकावी तसे ते खुर्चीत बसले. मग त्यांनी सगळं पहिल्यासारखं केलं, कॉम्प्युटर पुन्हा पाडून घेतला, आणि त्या निळ्या पडद्याकडे बघून त्यांना बरं वाटलं. पुढे यथावकाश निदान झालं. अँटिव्हायरस ते फोल्डर तपासायला जायचा आणि कॉम्प्युटरला घेऊन पडायचा. "तुमचा राखणदारच चक्कर येऊन पडून राहिला होता जी," ते म्हणाले. अँटिव्हायरस नवा टाकला आणि कॉम्प्युटर शहाण्यासारखा वागू लागला.

आम्ही हसायचो, पण माझी जाऊ नेहमी हसत नसे. मामी गेल्यापासून नागपूरला मामा, म्हणजे भावोजींचे वडील, एकटे होते. परत जावं असं तिला वाटे. भावोजींनाही वाटे, पण नियमाने. आधी ग्रीन कार्ड होऊ दे, मग लेकीची शाळा, मग घर, मग नोकरी. "सगळं एकदम हलवलं आणि पोरीचं बिनसलं, तर ते शाळेमुळे की घरामुळे की देशामुळे, कसं कळणार?" यावर जाऊ एवढंच विचारी, "तोवर बाबा थांबणार आहेत का?" ग्रीन कार्ड येतच नव्हतं, आणि मामा फोनवर दर वेळी नावं आठवताना थोडे आणखी चाचपडत होते.

एका रविवारी सकाळी भावोजी मागच्या दाराने आत आले.

"वहिनी, बाबांनी मला 'जी' म्हटलं."

नेहमीसारखा फोन लावला होता. पलीकडून मामा म्हणाले, "कोण बोलून राहिलं जी?" यांनी आपलं नाव सांगितलं. तर म्हणाले, "तो अमेरिकेत असतो जी. आला की सांगतो."

त्याच आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला, घर विकायला काढलं, शाळेला कळवलं, तिकिटं काढली. ग्रीन कार्डाचं नावही काढलं नाही. ते डिस्क टॉवेलमध्ये गुंडाळत होते तेव्हा सवयीने माझ्या तोंडून गेलंच, "भावोजी, इतक्या गोष्टी एकदम?"

"हो ना जी. आता काही बिघडलं, तर कशाने ते कळणारच नाही."

मी टॉवेलचं दुसरं टोक धरलं.

परवा नागपूरहून त्यांचा फोन आला. भलतेच खुशीत होते. मामा अजून बरेचदा त्यांना 'जी'च म्हणतात, पण त्या दिवशी सकाळी चक्क "गाढवा, चहा कुठाय माझा?" म्हणून ओरडले होते. मी विचारलं, "कशाने ओळखलं हो?" म्हणाले, "काय माहीत! मी नाही शोधत बसलो."

पलीकडच्या घरात आता दुसरे लोक आलेत. भिंतीतलं भोक बुजवलं. पण आमचा कॉम्प्युटर रोज सुरू झाला की आधी भावोजींचं फोल्डर शोधतो, बराच वेळ शोधतो, आणि मग जोडता येत नाही म्हणून सांगतो. नवरा म्हणतो, काढून टाक की ते, उगाच वेळ खातं. मी म्हणते, एका वेळी एकच. भावोजी गेले, त्याची आधी सवय होऊ दे.