खांबावरची माती

मेहबूबचा उभा जन्म वेंगुर्ल्याच्या बंदरात, मच्छीमारीच्या लाँचवर गेला. तांडेल, म्हणजे लाँचचा कप्तान, म्हणून तिथे त्याचा शब्द अखेरचा. वय झालं, तो घरी बसला, पण ती सवय काही सुटली नाही. घरात तो आणि बायको जन्नतबी दोघंच. मुलगी कैनात लग्न होऊन सावंतवाडीला.

तौक्ते वादळात पडवीचे फणसाचे खांब मोडले, तेव्हा मेहबूबने मिळाले ते आंब्याचे खांब जमिनीत पुरून उभे केले. वरून हिरवा ऑइलपेंट फासला. त्याच्या मते घर पक्कं झालं.

पुढच्या एका उन्हाळ्यात काळे भुंगे आले. पडवीच्या वाशांना बोट जाईल अशी गोल भोकं पाडायचे, खाली जाडसर भुसा सांडायचा. मेहबूब चवताळला. बॅडमिंटनची रॅकेट घेऊन तो दुपारभर दबा धरून बसे, भोकं मेणाने बुजवी आणि रस्त्याने जाणाऱ्याला थांबवून सांगे, "घर खातत मेले!"

जन्नतबीचं लक्ष मात्र कोपऱ्यातल्या खांबाकडे होतं. सरपणाच्या ढिगामागून मातीची एक बारीक रेघ खांबावर चढली होती.

"आयकलास? हयसर बघा, खांबार माती चढली हा."

"कुंभारीण माशी घर बांधता ती."

"कुंभारणीचा घर गोळ्यासारख्या आसता. ह्या जमिनीतसून वर इला हा. काल खरवडलंय, आज परत आसा. हात लावन बघा, ओली आसा माती."

"भुंगे मारू काय तुझी माती बघू?" मेहबूब खेकसला. हातातली रॅकेटही त्याने खाली ठेवली नाही.

जन्नतबीने आपणच रेघ पुन्हा खरवडली, वर रॉकेल ओतलं. रेघ परत दिसली नाही, म्हणून तिलाही वाटलं, मिटलं. पण खांब मातीत पुरलेला. वाळवी बुडातूनच वर शिरत होती. रंगाच्या पापुद्र्याला धक्का न लावता पावसाळाभर आतलं लाकूड खात होती.

पाऊस संपल्यावर, एका स्वच्छ सकाळी जन्नतबी पडवीत बांगडे साफ करत बसली होती. वारा नव्हता की काही नव्हतं. मेहबूब विहिरीवर होता. कडकड आवाज झाला आणि तो धावत आला तोवर तुळई, वासे, कौलं, सगळं खाली आलं होतं. शेजारची नर्मदा आणि तिची माणसं धावली. कौलं उपसून जन्नतबीला बाहेर काढलं, तेव्हा तिचा श्वास थांबला होता.

दफन करून लोक परतले. मेहबूब मोडलेल्या खांबापाशी गेला. हिरवा रंग तसाच चकचकीत होता. अंगठ्याने दाबला तर अंगठा आत गेला. आत नुसती ओली माती, आणि तिच्यात वळवळणारे पांढरे किडे.

जो तो म्हणत होता, अल्लाची मर्जी. मेहबूबही मान डोलवायचा. चाळिसाव्या दिवसाचे विधी झाल्यावर, घरात दोघंच असताना, कैनातने विचारलं,

"अब्बा, अम्मीन तुमका सांगितल्यान होता ना? माका फोनार बोलली होती ती."



"सांगितल्यान."

"मगे?"

"मी आयकलंय नाय."

कैनात उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी तिने त्याच्यासाठी भाकऱ्या करून ठेवल्या आणि सावंतवाडीची एसटी धरली. ईदला ती आली नाही.

पडवी मेहबूबने पुन्हा बांधली नाही. उरलेले खांब पाडून त्याने जाळले. त्यातलाही एक आतून पोखरलेला निघाला, बाकीचे सगळे धडधाकट होते. मग तो शेजारपाजारच्या घरी जाऊ लागला. खांबांवर हातोडीने टकटक करायचा, आवाज पोकळ वाटला की स्क्रूड्रायव्हर टोचून बघायचा. कोणी वैतागून त्याला परत पाठवी, कोणी कीव येऊन बघू देई. नर्मदेच्या पडवीत त्याला तसलीच ओली रेघ सापडली. तिने लगेच खांब बदलून घेतला.

"मेहबूबभाय, देवासारखे इलास. चाय घेवन जावा," ती म्हणाली.

तो थांबला नाही. त्या पडवीत नर्मदेची सून खाली बसून मासे साफ करत होती.

कैनातचा फोन येतो. जेवलात काय, गोळी घेतलात काय, एवढंच ती विचारते. मेहबूब हो म्हणतो. मग तीच फोन ठेवते.