भूगोलाच्या बाई आणि खरा समुद्र

ब्लाझेना कोत्रबोवा या आमच्या त्रेबीच या चेक गावातल्या शाळेत अठ्ठावीस वर्षं युरोप शिकवत होत्या, तोही न बघता. यात त्यांचा काही दोष नव्हता. वर्गात टांगलेल्या नकाशाच्या डाव्या अर्ध्या भागात जायला सरकारची परवानगी लागायची, आणि भूगोलाच्या बाईंनी तिकडे जाऊन नेमकं काय करायचं आहे, हे सरकारला काही केल्या कळत नसे. बाईंनी उभ्या आयुष्यात एकदा बल्गेरियात जाऊन काळा समुद्र पाहिला होता. तो दिवसभर एकाच जागी पसरलेला होता.

पण ऱ्हाइनची लांबी, आल्प्समधल्या घाटांची उंची, कुठल्या बंदरातून काय निघतं, सगळं त्यांना तोंडपाठ. भरती-ओहोटी हा तर त्यांचा खास धडा. खडू हातात घेऊन त्या एका दमात पृथ्वी, चंद्र, सूर्य आणि पाण्याचा फुगवटा काढत. आकृती इतकी सुबक की एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी ती आपल्या वहीत उतरवून घेतली होती. पुस्तकात शेवटी पश्चिमेकडच्या देशांवर एक धडा असे. तिथले गरीब लोक रेल्वे स्टेशनच्या बाकांवर झोपतात, असं त्यात लिहिलेलं. तोही बाईंनी मन लावून शिकवला.

मग राजवट बदलली, सरहद्दीवरच्या काटेरी तारा निघाल्या. तो धडा पुस्तकातून गेला. मुलांनी ‘कॉम्रेड बाई’ म्हणायचं बंद करावं असा हुकूम आला; मुलं मात्र वर्षभर चुकत राहिली. दीड वर्षानं, एकोणीसशे एक्याण्णवच्या जूनमध्ये, बाईंनी शिक्षकांच्या खोलीत जाहीर केलं, “मी युरोप पाहायला निघाले आहे. पाठीवर पिशवी, जवळ तंबू. कोण येतंय?”

सगळ्यांना यायचं होतं, पण हॉटेलात राहून. हॉटेलला लागणारे परकीय पैसे तर बँक मोजूनमापूनच द्यायची. शेवटी तयार झाली ती शाळेच्या स्वयंपाकघरातली हेडविका स्लामोवा. बाईंच्या शेजारच्या दारात राहणारी, विधवा, वयानं बाईंएवढीच म्हणजे चोपन्न, आणि अंगानं बाईंच्या दीडपट. उन्हाळ्यात स्वयंपाकघराला चुना लावायचा होता, त्यामुळे तिला तसंही काही काम नव्हतं.

“कुठकुठे जायचं आहे?” तिनं विचारलं.

“ऑस्ट्रिया, इटली, फ्रान्स. शेवटी अटलांटिक.”

“तिथे काय आहे?”

“भरती-ओहोटी.”

“ती बघायला फुकट असते ना?” हेडविका म्हणाली. “मग चल.”

सामान भरताना पहिला खटका उडाला. बाईंनी यादी करून नऊ किलोत बसवलं होतं: कपडे, नकाशे, टिपणांची वही, कॅमेरा आणि सहा रोल. हेडविकानं नवऱ्याची लोखंडी चौकटीची जुनी पिशवी काढली आणि तीत मांसाचे बावीस डबे, पीठ, चरबीची बरणी आणि पहिल्या तीन दिवसांसाठी पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेले डुकराच्या मांसाचे काप भरले.

“हेडविका, आपण सुसंस्कृत जगात चाललोय. तिथे दुकानं आहेत.”

“दुकानं आहेत गं. पैसे कुठे आहेत? आण इकडे ते.” तिनं दोघींचे पासपोर्ट आणि शिलिंग, लिरा, फ्रँक असे जे काही होते ते घेतले, पोलक्याच्या आतून शिवलेल्या खिशात कोंबले आणि वरून बटणं लावली. “आता इथून कोणी काढून दाखवावं!”

व्हिएन्नात त्या बागेत बसून तळलेले काप खात होत्या, तेव्हा आजूबाजूच्या बाकांवरचे लोकही तळलेले कापच खात होते, आणि तेही आपल्याच चेक भाषेत बोलत. व्हेनिसला पोचेपर्यंत पाय सुजले. मिलानला तर तरुणांच्या वसतिगृहात जागाच नव्हती. असती तरी दारावरच्या मुलीनं बाईंकडे नि हेडविकाकडे बघून पाटीवरच्या ‘तरुण’ या शब्दावर बोट ठेवलंच होतं. दोघींनी स्टेशनच्या प्रतीक्षालयात बाकावर पथारी टाकली.

सकाळी बाईंना जाग आली ती कुजबुजीनं. समोर पिवळ्या टोप्या घातलेली वीसेक मुलं दोन-दोनच्या रांगेत उभी होती, सहलीला निघालेली. त्यांच्या शिक्षिकेनं बाकाकडे पाहत हळू आवाजात दोन वाक्यं सांगितली. मुलांनी गंभीर चेहऱ्यानं माना हलवल्या आणि चवड्यांवर पुढे गेली. जाता जाता शिक्षिकेनं बिस्किटांचा पुडा बाकाच्या कडेला ठेवला.

बाईंना इटालियन येत नव्हतं, तरी त्यातला शब्द न् शब्द कळला.

“काय म्हणाली गं ती?” हेडविकानं पुडा फोडत विचारलं.

“काही नाही,” बाई म्हणाल्या. “भूगोल शिकवतेय.”

त्यानंतर दिवसभर त्या कुठल्याच बाकावर टेकल्या नाहीत. हेडविकाला वाटलं, पाठ धरली असेल.

फ्रान्समध्ये आगगाडी परवडेना, म्हणून रस्त्यावर अंगठा दाखवत जायचं ठरलं. बाई पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरांत गावाचं नाव लिहून उभ्या राहत, आणि मोटारी शुद्धलेखन वाचत असल्यासारख्या हळू होऊन पुढे जात. मग हेडविका उठून रस्त्याच्या कडेला उभी राही, दोन्ही हात पसरे आणि हसे. ट्रक थांबे. बाईंनी मुलींच्या शाळेत शिकलेलं फ्रेंच काढलं की ड्रायव्हर अदबीनं ऐकून घेत. हेडविका चेक भाषेतच त्यांच्याशी बायकापोरांविषयी बोलत असे, आणि त्यांना ते समजत असे. तेविसाव्या दिवशी एका डुकरांच्या गाडीनं त्यांना नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरच्या एका गावात उतरवलं.

दुपार होती. समुद्र नव्हता. म्हणजे तो क्षितिजाजवळ एक चकाकती रेघ होऊन पडला होता, आणि अलीकडे कोस-दीड कोस ओली वाळू, तीत रांगांनी रोवलेले लाकडी खांब, आणि खांबांवर लगडलेले काळे शिंपले. बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी हेडविकाला जवळजवळ ओढतच आत नेलं.

“हे बघ! आत्ता आपण उभ्या आहोत ना, तो समुद्राचा तळ आहे. हे पाणी कोणी ओढलं? चंद्रानं!”

“खांद्याचं बघ आधी. पिशव्या ठेवूया का इथे?”

“ठेव, ठेव. पाणी पुरतं वर यायला सहा तास लागतात.”

हे अगदी खरं होतं. त्यातले किती तास आधीच होऊन गेले होते, एवढंच दोघींपैकी कोणी विचारलं नव्हतं. पिशव्या वाळूच्या एका उंचवट्यावर ठेवून त्या आणखी अर्धा तास चालल्या. बाई बोलत होत्या. अठ्ठावीस वर्षांत त्यांचा धडा इतका रंगला नव्हता. हेडविका मागे वळून वळून पिशव्यांकडे पाहत होती, कारण तिला भूक लागली होती.

“अगं ब्लाझेना, मागेसुद्धा पाणी आहे.”

“मागे कसं असेल? समुद्र पुढे आहे.”

“ते त्याला सांग. मागे आहे.”

बाईंनी वळून पाहिलं. त्यांच्या आणि किनाऱ्याच्या मधल्या सखल भागातून पाणी सरसर आत शिरत होतं, आवाज न करता, एखादा माणूस कामावर निघावा तसं. आकृतीत हे नव्हतं. आकृतीत पाणी सगळीकडून सारखं फुगत असे. दोघी पळाल्या, पाणी पोटऱ्यांना लागलं, मग गुडघ्यांना. तेवढ्यात खांबांच्या रांगेमागून एक ट्रॅक्टर भकभकत आला. वर एक म्हातारा रबरी विजारीत उभा राहून ओरडत होता.

“काय म्हणतोय?” हेडविका धापा टाकत म्हणाली.

“विचारतोय... की आपण गाढव आहोत का.”

“हो म्हण! चढ आधी!”

ट्रॅक्टरच्या मागच्या फळीवरून त्यांनी पाहिलं. बाईंची नऊ किलोंची पिशवी उचलली गेली, एकदा गोल फिरली आणि डुलत डुलत अटलांटिकबरोबर निघाली. नकाशे, वही, कॅमेरा, सहाही रोल, सगळं तिच्यात. हेडविकाची पिशवी पाण्याखाली दिसेनाशी झाली, पण जागची हलली नाही. दुसऱ्या दिवशी ओहोटीला म्हाताऱ्यानं ती आणून दिली. पीठ गेलं होतं. उरलेले डबे शाबूत होते.

म्हाताऱ्याचं नाव अर्सेन. शिंपले पिकवायचे ते खांब त्याचे. हंगाम ऐन भरात होता, हाताखाली बारा गडी होते, आणि त्यांना रांधून घालणारी त्याची बायको ओदेत हात मोडून बसली होती. ओल्या कपड्यांत घरात शिरलेल्या हेडविकानं चुलीपुढची अवस्था पाहिली, ओदेतला खुणेनं खुर्चीत बसवलं आणि बाह्या वर केल्या. रात्रीच्या जेवणाला बारा गड्यांनी कणकेचे उकडलेले गोळे आणि आंबट मलईतलं मांस खाल्लं. मग त्यांनी ताटं पुन्हा पुढे केली.

दोघी तीन आठवडे राहिल्या. हेडविका रांधत होती आणि बाई शेडमध्ये बसून शिंपले निवडत होत्या, फुटके एकीकडे, लहान एकीकडे. काम भरतीच्या वेळेनं चालायचं. रोज पाऊण-एक तास उशिरा. बाईंना बारावीच्या मुलांनाही जे पटवता आलं नव्हतं ते आता पाठीच्या कण्याला कळत होतं. एकदा त्यांनी गड्यांना चंद्राविषयी सांगायला सुरुवात केली. एक जण म्हणाला, “हो का बाई? आम्हाला वाटलं अर्सेन सोडतो पाणी.” सगळे हसले. बाईही हसल्या, पण दोन मिनिटं उशिरा.

परतताना मासळीच्या गाडीनं त्यांना पॅरिसजवळून नेलं. शहराबाहेरच्या रस्त्यावर ट्रकांच्या रांगेत त्या तासभर अडकल्या होत्या. पॅरिस एवढंच.

सप्टेंबरमध्ये गावच्या सभागृहात बाईंचं व्याख्यान ठेवलं गेलं. फलकावर लिहिलं होतं, ‘पश्चिम युरोप, डोळ्यांनी पाहिलेला’. सभागृह खच्चून भरलं. फोटो समुद्रात गेले, एवढं बाईंनी ओझरतं सांगितलं आणि मग तासभर पॅरिसवर बोलल्या. संग्रहालयं, पूल, नदीची रुंदी, मनोऱ्याची उंची. एक आकडा चुकला नाही. टाळ्या पडल्या. शेवटी मागून कोणीतरी विचारलं, “आणि खाण्यापिण्याचं काय, हेडविका?”

तिसऱ्या रांगेतली हेडविका उभी राहिली. तिला वाटलं, बाईंनी गमतीचा भाग तिच्यासाठी राखून ठेवलाय. तिनं मिलानच्या बाकापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं सांगितलं, हातवारे करून, बाईंचा आवाज काढून: “मागे कसं असेल? समुद्र पुढे आहे!” लोक खुर्च्यांवरून घसरायचे राहिले. मुख्याध्यापकांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग एकेकाचं लक्ष मंचावर गेलं आणि हसणं हळूहळू थांबलं.

बाई टेबलाला धरून उभ्या होत्या. कान लाल झाले होते.

“ती म्हणते ते खरं आहे,” त्या म्हणाल्या. “पॅरिस मी पाहिलेलं नाही. जे सांगितलं ते पुस्तकातलं. मी पाहिला तो चिखल, आणि बारा माणसांची जेवणं.” थोडं थांबून त्या म्हणाल्या, “त्याविषयी ऐकायचं असेल तर बसा.”

कोणी उठलं नाही. शिंपले कसे लावतात, कसे निवडतात, पाणी मागून कसं येतं, हे त्या आणखी तासभर सांगत राहिल्या. त्या तासात आकडे दोनच आले.

घरी जाताना हेडविका म्हणाली, “रागावलीस का गं?”

“हो,” बाई म्हणाल्या. “चार दिवस रागावणार आहे. शुक्रवारी ये कॉफीला.”

पुढच्या वसंतात फ्रान्सहून पत्र आलं. पाकिटावर नाव हेडविकाचं होतं, पण फ्रेंच वाचणार कोण, म्हणून ते बाईंनी फोडलं. अर्सेननं लिहिलं होतं, ओदेतचा हात काही पहिल्यासारखा झाला नाही, हेडविकानं हंगामाला यावं, आणि जमलं तर कायमचंच यावं. बाईंना यायचं निमंत्रण त्यात नव्हतं. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, कारण आयुष्यभर नकाशा त्यांनी पाहिला होता आणि बोलावणं आलं होतं पीठ घेऊन निघालेल्या बाईला. मग त्यांनी ते शब्दाला शब्द चेकमध्ये करून सांगितलं, एक वाक्यही न गाळता.

हेडविका गेली ती गेलीच. शाळेत नवा स्वयंपाकी आला. त्याच्या हातचे गोळे भिंतीवर मारले तर भिंत फुटेल असे. मुलं आणि शिक्षक दोघेही यासाठी आजतागायत बाईंनाच बोल लावतात.

बाई दर जुलैला सुट्टी लागली की सहा आठवडे तिकडे जातात. त्यांना झोपायला कोठीच्या वरची खोली मिळते, आणि दिवसभर शेडमधलं बाक. पहिल्या दिवशी पोचल्या पोचल्या हेडविका त्यांच्यापुढे बटाट्यांची बादली ठेवते.

“जाड साल काढू नकोस. मागच्या वर्षी अर्धा बटाटा सालीत गेला.”

“मी आत्ता कुठे पंधराशे किलोमीटर येऊन टेकलेय, हेडविका.”

“मग बसूनच सोल,” हेडविका म्हणते.