वेळ उरल्यास

आमच्या शूटिंगची शॉटलिस्ट सांभाळणारी सहायक दिग्दर्शिका रागावली तरी आवाज चढवत नाही. टॅबलेटवरच्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त बोट फिरवते, आणि माझा एखादा लाडका शॉट तळाशी जाऊन बसतो. तिथे तिने एक कप्पाच केलाय: ‘वेळ उरल्यास’.

डिलाईल रोडच्या चाळीत शूटिंग होतं. गॅलरीतून नुसतं खाली बघायचं, एवढ्याशा कामासाठी चाळीतल्या एक काकू सकाळपासून नवी साडी नेसून तयार होत्या. मी मात्र जिन्यावरून घरंगळणाऱ्या लिंबावर अडलो होतो. ते दरवेळी भलत्याच पायरीवर थांबायचं. ऊन उतरायला लागलं.

“काकूंचा शॉट उडव,” मी म्हणालो.

“सर, साडी चुरगळेल म्हणून त्या अजून टेकल्यासुद्धा नाहीत.”

“अगं, पण ते लिंबू म्हणजे नियती आहे!”

“असू दे ना. नियती थांबेल.”

बोट फिरलं. कॅमेरा गॅलरीत गेला. काकूंनी खाली पाहिलं, आणि त्या कुणाची तरी वाट बघतायत असं वाटून मीसुद्धा खाली वाकून पाहिलं. फ्रेममध्ये माझं टक्कल आलं. पुन्हा घ्यावा लागला.

पॅकअपनंतर तिने ते लिंबू पिळून काकूंना सरबत दिलं. उरलं, तेव्हा मलाही.