छातीवरचा हूक

चहाचा कप घेऊन खिडकीशी आले आणि अर्धा चहा हातावरच सांडला. सहाव्या मजल्यावर, माझ्या ग्रिलच्या पलीकडे, एक रंगारी बांबूच्या परांचीवर उभा होता. अंगात सुरक्षेचा नारिंगी पट्टा होता, पट्ट्याला दोरीही होती. पण दोरीच्या टोकाचा हूक त्याने स्वतःच्याच छातीवर, त्याच पट्ट्यात अडकवला होता!

"अहो दादा, हे काय? हूक स्वतःलाच?" मी ओरडलेच.

"लोंबला की पायात येतो, ताई," ब्रश न थांबवता तो म्हणाला. "खालून साहेबाला पट्टा दिसला की झालं."

आपल्याकडे हेल्मेटही कोपराला अडकवलेलं फिरतं आणि पोलीस दिसला की डोक्यावर चढतं. जणू आपटलो तर डोकं पोलिसाचंच फुटणार आहे.

"आधी तो इथे लावा बघू," मी ग्रिलकडे बोट दाखवलं.

माझं मन राखायला त्याने रंगवता रंगवताच मोकळ्या हाताने हूक ग्रिलला लावला आणि जरासा हिसका देऊन पाहिला. आख्खं ग्रिल हललं. चौकटीतला सिमेंटचा चुरा माझ्या पायांवर पडला. याच ग्रिलला रेलून मी रोज चहा पिते.

त्याचा ब्रश पहिल्यांदाच थांबला.

"ताई," तो हळूच म्हणाला, "आधी तुम्ही मागं सरका."