दोन टबांची आत्या

सिंगापूरमध्ये माणसं दोन प्रकारची असतात: बंद पडलेली वस्तू फेकून नवी आणणारी, आणि माझ्या बायकोची आत्या. या दुसऱ्या प्रकारात आणखी कुणी असल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. तोआ पायोहमधल्या तिच्या फ्लॅटमध्ये शिरलात की स्वयंपाकघराच्या खिडकीखाली तुम्हाला ते दिसेल. एके काळी आकाशी असलेलं, आता साधारण ताकाच्या रंगाचं, दोन टबांचं वॉशिंग मशीन. डावीकडच्या टबात कपडे धुवायचे, मग हातांनी उचलून उजवीकडच्या टबात पिळायला टाकायचे. आत्याचे यजमान जहाजावर इंजिनियर होते. त्यांनी कुठल्याशा बंदरात हे यंत्र विकत घेऊन बोटीवर घालून आणलं. ते गेले, त्यांच्या बोटी भंगारात गेल्या, यंत्र मात्र अजून सेवेत आहे. आत्यानं त्याला निवृत्तीचं नावच काढू दिलेलं नाही.

या यंत्राचे सुटे भाग जगात मिळत नाहीत, ही अडचण आहे असं तुम्हाआम्हाला वाटेल. आत्याला ती मोकळीक वाटते. पाणी गळायला लागलं तेव्हा तिनं कुकरची रिंग बसवली. यंत्रावरच्या वेळ लावायच्या घड्याळाची खुंटी तुटली तेव्हा जुन्या लाटण्याची मूठ कापून बसवली, त्यामुळे धुणं लावताना आत्या पोळी लाटत असल्यासारखी दिसते. पट्टा तुटला की ती लिटिल इंडियाच्या मागच्या गल्लीतल्या एका हार्डवेअरच्या दुकानात जाते, तुटका पट्टा पर्समधून काढून काउंटरवर मेलेल्या सापासारखा ठेवते आणि म्हणते, "सेम." तिथला म्हातारा चिनी दुकानदार एकदा माझ्यादेखत तिला म्हणाला, "आंटी, सिंगापूर एव्हरीथिंग चेंज ऑलरेडी. ओन्ली यू नेव्हर चेंज." आत्याला हे इतकं आवडलं की तिनं त्याला घरी केलेल्या चकल्यांचा डबा नेऊन दिला.

तिच्या धुण्याला वर्णव्यवस्था आहे. एकाच पाण्यात आधी पांढरे कपडे, मग रंगीत, मग पायपुसणी आणि शेवटी त्याच पाण्यानं बाथरूमची फरशी. गटारात जाईपर्यंत ते पाणी इतकं राबलेलं असतं की त्याला निरोपसमारंभ करावासा वाटतो. पण तिचा खरा अभिमान उजवा टब. त्यातून निघालेले कपडे ती खिडकीबाहेर बांबूवर घालते आणि त्यातून एक थेंब खाली पडत नाही. खालच्या मजल्यावर राहणारी चिनी आंटी याची साक्ष द्यायला केव्हाही तयार असते.

यंत्रातली एकच गोष्ट आत्यानं कधी दुरुस्त केली नाही: उजव्या टबाचा ब्रेक. खरं तर झाकण उघडलं की तो टब चटकन थांबायला हवा. आत्याच्या यंत्रात वीज तुटते, पण टब आपला मजेत फिरत राहतो. तो पुरता थांबेपर्यंत आत हात घालायचा नाही, असा घरचा कायदा आहे. तोवर तिथंच उभं राहायचं, हात झाकणावर ठेवून. मी एकदा म्हणालो, "आत्या, कुकरच्या रिंगा बसवता, मग ब्रेकचं काय अवघड आहे?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

तर यंदा गुढीपाडव्याच्या आठवड्यात उजवा टब बंद पडला. बटण फिरवलं की नुसता गुरगुरायचा, जागचा हलायचा नाही. आत्यानं हातानं पिळून कपडे वाळत घातले आणि व्हायचं तेच झालं. खालची आंटी वर आली. भांडायला नव्हे, काळजीनं. "यू सिक अ?" तिनं विचारलं. "युवर क्लोथ ड्रिपिंग." तेवढ्यावर न थांबता तिनं आत्याच्या लेकीला फोन केला.

आत्याची लेक मनू म्हणजे धावपळीचं दुसरं नाव. बेटाच्या पूर्व टोकाला, पासिर रिसला राहते आणि दर रविवारी आईकडे येते, म्हणजे येऊन जाते. चहा उभ्यानं पिते, कानाला फोन, एक पाय सँडलमध्ये. "आई, बोल ना, मी ऐकतेय," असं ती आईला सांगते, तेव्हा बहुधा लिफ्टचं दार बंद होत असतं. मनूनं त्याच संध्याकाळी नवं मशीन मागवलं. पुढून गोल दाराचं, सगळं आपोआप करणारं. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी येणार होतं आणि आणणारी माणसं जुनं घेऊन जाणार होती.

"मी ते देणार नाही," आत्या म्हणाली.

"आई, प्लीज लाह! ते मेलंय." सिंगापुरी इंग्रजीतलं हे "लाह" मनूच्या मराठीलाही चिकटलेलं आहे.

"झोपलंय. पाडव्यापर्यंत उठवते."

"नुसतं गरागरा फिरलं म्हणजे जिंकलीस असं नाही हं," मनू म्हणाली. ती व्यवहाराची पक्की आहे. "नव्या मशीनला जमणार नाही असं एक काम करून दाखव. एकच. मग मी ऑर्डर रद्द करते."

"आणि पुन्हा हा विषय काढणार नाहीस?"

"नाही काढणार."

आत्यानं पदर खोचला. पाडव्याच्या आदल्या दिवशी तिनं मला बोलावून घेतलं. यजमानांची जहाजावरची हत्यारांची पेटी उघडली, यंत्र पालथं केलं आणि माझ्या हातात टॉर्च दिला. मी एका कंपनीत संगणकांची मोठी मोठी कामं सांभाळतो, पण आत्यानं मला आजवर टॉर्चच्या वर बढती दिलेली नाही. गळक्या पाण्यानं मोटरचा दांडा गंजून घट्ट बसला होता. दिवसभर ती त्याला तेल पाजत होती, लाकडी हातोडीनं टकटक करत होती, मधूनच "चल रे राजा" म्हणत होती. दिवेलागणीला राजा हलला. उजवा टब असा काही घुमला की खालच्या आंटीनं खिडकीतून ओरडून अभिनंदन केलं.

आणि या आनंदात आत्या श्रीखंडाचं दही टांगायला साफ विसरली.

पाडव्याला तिच्याकडे मोठी पंगत असते. यजमानांबरोबर समुद्रावर आयुष्य काढलेले म्हातारे इंजिनियर, एक निवृत्त कप्तान, त्यांच्या बायका. सगळे वर्षभर या श्रीखंडाची वाट पाहतात. सकाळी मी बायकोला घेऊन पोचलो तेव्हा गुढी थाटात उभी होती, खिडकीबाहेर वाळत घालायच्या बांबूच्याच खोबणीत, आणि आत्या दह्यानं भरलेल्या पातेल्यांसमोर सुतकी चेहऱ्यानं बसली होती. माणसं दुपारी यायची होती. तेवढ्या वेळात टांगून चक्का होणं शक्य नव्हतं. "विकतचा आणू या," बायको म्हणाली. आत्या यंत्राकडे बघत राहिली. हळूहळू तिच्या चेहऱ्यावर गुढीसारखं काहीतरी उभं राहिलं.

"आत्या, नाही हं!" बायको किंचाळली. "त्यात तू पायपुसणी पिळतेस!"

"आणि ज्या हातांनी पुसणी उचलते त्याच हातांनी तुला पोळ्या करून वाढते. हात धुते ना? टबही धुते. आधण ठेव."

मग उकळतं पाणी, लिंबं, पुन्हा उकळतं पाणी. एखाद्या शस्त्रक्रियेच्या खोलीनं लाजावं असा तो टब झाला. कोऱ्या पंच्यांच्या दुहेरी पुरचुंडीत दही बांधून आत ठेवलं, झाकण लावलं, लाटण्याची मूठ फिरवली. पुढचं दृश्य मी जन्मात विसरणार नाही. एकुलती एक पुरचुंडी एका कडेला चिकटली, टब कलला, आणि ते जुनं यंत्र धाड धाड करत स्वयंपाकघरातून दिवाणखान्याकडे चालायला लागलं. बायको देवाचं नाव घेऊ लागली. आत्यानं धावत जाऊन प्लग उपटला. "वजन सारखं नको का वाटायला?" ती आमच्यावरच ओरडली. दह्याच्या दोन पुरचुंड्या करून समोरासमोर ठेवल्या. "आणि जावईबापू, तुम्ही डावीकडे बसा."

सणाला जावयाला पाटावर बसवतात. मलाही पाट मिळाला, फक्त तो वॉशिंग मशीनच्या डाव्या टबावर ठेवलेला होता. मी बसलो. उजवा टब घुमायला लागला, माझ्या दाढांपासून टाचांपर्यंत सगळं एका सुरात वाजायला लागलं, आणि खालच्या नळीतून बादलीत हिरवट-पिवळं निवळ पाणी धो धो आलं. "निघालं! निघालं!" बायको आता टाळ्या पिटत होती. पुरचुंडी सोडली तर आत चक्का, असा घट्ट की सुरीनं वड्या पाडाव्यात. बादलीतल्या पाण्यात आत्यानं पुऱ्यांची कणीक भिजवली. या घरात कुठलंच पाणी एका कामावर सुटत नाही.

पंगत बसली. कप्तानानं पहिला घास घेऊन डोळे मिटले ते बराच वेळ उघडले नाहीत. मनूनं दोनदा मागून घेतलं आणि तिसऱ्यांदा वाटी पुढं करत विचारलं, "आई, चक्का कुठून आणलास? इतका घट्ट तुझाही कधी होत नाही."

आत्या याच वाक्यासाठी सकाळपासून जगत होती. तिनं लेकीचा हात धरला, तिला स्वयंपाकघरात नेलं आणि उजव्या टबाचं झाकण उघडलं. आत केशरी कडेचे दोन पांढरे पंचे पडले होते. सगळी पंगत ताटं सोडून दाराशी गोळा झाली.

"तुझ्या गोल दाराच्या बाईला सांग," आत्या म्हणाली, "एवढं करून दाखव म्हणावं."

मनूनं टबाकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं. "काय लाह, आई!" एवढंच तिच्या तोंडून निघालं. मग तिला हसू आवरेना. कप्तानानं दारातूनच वाटी पुढं केली आणि म्हणाला, "वहिनी, आणखी एकदा फिरवा!" मनूनं तिथंच उभ्या उभ्या फोन काढला आणि ऑर्डर रद्द केली. उरलेलं श्रीखंड तिनं मात्र खाल्लं नाही असं मी लिहिणार होतो, पण ते खोटं होईल. वाटी चाटूनपुसून साफ होती.

पाहुणे गेल्यावर आम्ही आवराआवर करत होतो. आत्यानं पंचे आणि हात पुसायचे रुमाल धुऊन उजव्या टबात पिळायला टाकले होते. मनूच्या कानाला फोन लागला होता, एक पाय सँडलमध्ये गेलेला. "मनू, जाता जाता तेवढे रुमाल काढ गं," आत्या बाहेरून म्हणाली. मनूनं जाऊन झाकण उघडलं. टब फिरतच होता. ती थांबली. घरचा कायदा तिला लहानपणापासून पाठ आहे. "मी नंतर फोन करते," ती फोनवर म्हणाली आणि झाकणावर हात ठेवून उभी राहिली. आत्या हात पुसत आली, शेजारी उभी राहिली. "काय गं, डोळे का असे ओढलेत तुझे?" तिनं विचारलं. मनूनं सांगायला सुरुवात केली. हळू आवाजात, मराठीत.

मी चपला घालून दाराशी उभा होतो. निघताना हाक मारणार होतो, पण मारली नाही. बिनब्रेकचा टब हळूहळू मंदावत होता, पण अजून फिरत होता.