गोरखमुंडीची जागाही कपाशीनं खाल्ली

बायांनो, चालून चालून पाय पार गळाले, पण आजचं सांगतेच.

सातासमुद्रापार कुठं लढाई लागली, तिकडला कापूस बंद पडला अन् विलायतेले आपला कापूस पाहिजे झाला. तवापासून अकोल्याच्या आजूबाजूले घरोघरी कापसातली सरकी काढणं चालू आहे. बारीक तंतू डोळ्यात जातात. आमच्या घरात सारेच डोळे चोळून राहिले.

दरसाल चैतात आपण गोरखमुंडीचा एक जांभळा गोंडा पाण्यासंगं अख्खा गिळतो, म्हणजे सालभर डोळे येत नाहीत. तोच आणाले आज नाल्याकाठच्या पाणथळीत गेली. तिथं मुंडी अशी माजायची, का वास वाटेवरच यायचा.

पाहते तं सारं नांगरलेलं! पाणी साचून कपाशीही गेली, नुसत्या खुरट्या पराट्या, वाळल्या काड्या उभ्या. बाजूच्या वावरातले सदूभाऊजी त्या उपटून राहिले होते.

"काहून हो भाऊजी, एवढीशी जागाही नाही सोडली?"

"वहिनी, आता दोन वावरांमधला धुराही कोणी सोडत नाही."

मी निघाली, तं मांगून हाक आली. भाऊजीचे डोळे लालभडक, पाणी गळून राहिलं होतं.

"मुंडी सापडली तं मलेही एक गोंडा आणजा."

आता तुमीच सांगा बायांनो, कोणाच्या वावरात पाहू?